प्रोब उचलण्याआधी: बेडसाइड सोनोग्राफीत प्रोब आणि प्रीसेट कसा निवडायचा

मिरजेत दर वर्षी नवी बॅच आयसीयूत येते. पहिल्याच नाइटला कुणीतरी सोनोग्राफीचं मशीन ढकलत खाटेपाशी आणतं आणि विचारतं, "सर, कुठला प्रोब लावू?" प्रोब म्हणजे मशीनचा अंगावर टेकवायचा भाग. मी उलट विचारतो, "बघायचंय काय?" उत्तर येतं, "चेस्ट."

चेस्ट हा प्रश्न नव्हे, तो नुसता पत्ता झाला. छातीत पाणी आहे का, फुप्फुस सरकतंय का, हृदयाभोवती पाणी साठलंय का, हे तिन्ही प्रश्न त्याच पत्त्यावरचे. पण पाण्याला कॉन्व्हेक्स प्रोब, सरकण्याला लिनिअर, हृदयाला सेक्टर. प्रीसेटही, म्हणजे मशीनमध्ये आधीच भरून ठेवलेली सेटिंग्जही, तीन.

ज्यांनी आत्ता कुठे प्रोब हातात धरलाय त्यांच्यासाठी हे लिहितोय: इंटर्न, जेआर (ज्युनिअर रेसिडेंट), जत-आटपाडीकडे बॉण्डवर गेलेले मेडिकल ऑफिसर. सविस्तर रिपोर्ट देणं रेडिऑलॉजिस्टचं काम. आपण रात्री अडीच वाजता एकाच प्रश्नाचं हो किंवा नाही शोधत असतो.

पहिली पायरी: प्रश्न बोला, खोली ठरवा

प्रश्न तोंडाने बोला, शेजारच्या सिस्टरला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "उजवीकडे पाणी आहे का, बघतोय." बोललं की डोकं जागेवर येतं, आणि तपासणी कुठे थांबवायची हेही ठरतं. नाहीतर पाणी बघायला बसलेला जेआर अर्ध्या तासाने किडनीतला खडा मोजत असतो.

मग स्वतःला विचारा, ही गोष्ट कातडीपासून किती आत आहे? मानेतली ज्युग्युलर व्हेन सडपातळ माणसात एक-दोन सेंटिमीटरवर. छातीच्या पुढच्या बाजूचा प्लुरा (फुप्फुसावरचं आवरण) दोन-तीनवर. हृदय पूर्ण दिसायला पंधरा-सोळा लागतात. प्रोब या आकड्यावरून ठरतो. अवयवाचं नाव नंतर.

कारण भौतिकशास्त्रात आहे, पण ते समजायला पुस्तक लागत नाही. मिरजेची विसर्जन मिरवणूक दोन गल्ल्या लांब असते तेव्हा घरात काय ऐकू येतं? ढोलाचा घुमारा. ताशाची तडतड मिरवणूक दाराशी आल्यावरच ऐकू येते. सोनोग्राफीच्या लहरींचं असंच आहे. बारीक, उंच फ्रिक्वेन्सीची लहर बारकावे छान दाखवते, पण फार आत पोचत नाही. उतींमधून जाताना दर सेंटिमीटरला, दर मेगाहर्ट्झमागे साधारण अर्धा डेसिबल खर्च होतो. म्हणजे १० मेगाहर्ट्झची लहर १० सेंटिमीटर आत जाऊन परत येईपर्यंत १०० डेसिबल गमावते. ३ मेगाहर्ट्झची फक्त ३०. लिनिअर प्रोबने लिव्हरच्या मागचं काही का दिसत नाही, ते या हिशोबात आलं. तिथे गेन (चित्राचा उजळपणा) वाढवून उपयोग नसतो. नुसता काळा पडदा करडा होतो.

दुसरी पायरी: तीन प्रोब, तीन स्वभाव

लिनिअर: चपटं तोंड, साधारण ५ ते १३ मेगाहर्ट्झ (मशीनप्रमाणे थोडं कमी-जास्त), चित्र आयताकृती. वरच्या पाच-सहा सेंटिमीटरपर्यंतचं सगळं याचं: शिरा, धमन्या, नर्व्ह ब्लॉक, प्लुराचं सरकणं, गळू, काटा, डोळा.

काट्यावर जरा थांबतो, कारण आपल्याकडे ही तक्रार नेहमीची आणि एक्स-रेत लाकूड सहसा दिसत नाही. तासगावकडून द्राक्षबागेत राबणारा माणूस येतो, तळव्यात बाभळीचा काटा मोडलेला, आठ दिवसांची सूज. तळव्यावर प्रोब टेकवला की तो कळवळतो, आणि काटा इतका वर असतो की प्रोबच्या अगदी तोंडाशी नीट दिसतही नाही. अशा वेळी मावशींकडून स्वच्छ टब मागवा, कोमट पाणी भरा, पाय पाण्यात ठेवायला सांगा आणि प्रोब कातडीपासून एक सेंटिमीटर वर, पाण्यातच धरा. जेल नको, दाब नको. पांढरी रेघ आणि तिच्याखाली काळी सावली दिसली की काटा सापडला. प्रोब किती बुडवायचा याची खूण त्याच्या पुस्तिकेत दिलेली असते. त्यापलीकडे पाणी गेलं तर काटा बराच महागात पडतो. उघडी जखम असेल तर पाण्याच्या भानगडीत पडू नका, जेलचा जाड थर द्या.

कॉन्व्हेक्स: बाक असलेलं रुंद तोंड, २ ते ५ मेगाहर्ट्झ, चित्र पंख्यासारखं. वॉर्डातले मामा याला 'पोटाचा प्रोब' म्हणतात आणि ते बरोबरच आहे. पोटातलं पाणी, लिव्हर, किडनी, पित्ताशय, ब्लॅडर, महाधमनी, छातीतलं पाणी, फुप्फुसाच्या बी लाइन्स (प्लुरापासून खाली जाणाऱ्या पांढऱ्या रेघा). अडचण एकच: तोंड रुंद असल्यामुळे बरगड्या आडव्या येतात. प्रोब बरगड्यांच्या फटीला समांतर थोडा तिरका फिरवलात की बरीचशी सावली जाते.

सेक्टर, म्हणजे फेज्ड ॲरे: छोटं चौकोनी तोंड, १ ते ५ मेगाहर्ट्झ. दोन बरगड्यांच्या फटीत बसतो म्हणून हृदय याच्याकडे. चित्र वर टोकदार आणि खाली पसरत जातं, त्यामुळे अगदी वरचे दोन-तीन सेंटिमीटर वाईट दिसतात. या प्रोबने प्लुराचं सरकणं बघून "न्यूमोथोरॅक्स नाही" (फुप्फुसाभोवती हवा साठलेली नाही) असं लिहिणाऱ्याला मी परत लिनिअर लावायला सांगतो.

तालुक्याच्या ठिकाणी एकच प्रोब मिळणार असेल तर माझं मत कॉन्व्हेक्स घ्यावा. पोट होतं, छाती होते, बरगड्यांखालून सबझायफॉइड खिडकीतून हृदयाभोवतीचं पाणीही दिसतं. जाड मांडीतल्या खोल शिरेलासुद्धा पुष्कळदा लिनिअरपेक्षा तोच उपयोगी पडतो. फक्त सेंट्रल लाइन आणि नर्व्ह ब्लॉकला तो नको. खिशात मावणारी नवी मशीनं येतात, त्यात एकाच प्रोबमध्ये सगळं कोंबलेलं असतं. तिथे प्रोब निवडायचा प्रश्नच उरत नाही, सगळा भार प्रीसेटवर पडतो. म्हणून अशी मशीनं वापरणाऱ्यांनी पुढचा भाग दोनदा वाचावा.

तिसरी पायरी: प्रीसेट

प्रीसेट म्हणजे फक्त डेप्थ आणि गेन असं नव्यांना वाटतं. आत बरंच काही दडलेलं असतं: फ्रिक्वेन्सी, करड्या छटा किती, एकावर एक किती फ्रेम मिसळायच्या, हार्मोनिक (गोंगाट गाळणारी सोय) चालू की बंद, कंपाउंड चालू की बंद, डॉपलरची (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या मोडची) स्केल, मार्कर (चित्राची बाजू सांगणारी खूण) डावीकडे की उजवीकडे, लहरींची ताकद किती. थोडक्यात, काय दाखवायचं आणि काय पुसायचं हे मशीन आधीच ठरवून बसलेलं असतं.

पुसण्याची गोष्ट फुप्फुसात सगळ्यात घातक. पोटाचा प्रीसेट गोंगाट पुसण्यासाठी बनवलाय. तो अनेक कोनांतून लहरी सोडतो, त्यांची चित्रं मिसळतो (हेच कंपाउंड) आणि लिव्हर मऊशार दाखवतो. पण फुप्फुसात हवा असते, तिथून खरं चित्र येतच नाही. ए लाइन्स (प्लुराला समांतर आडव्या रेघा) आणि बी लाइन्स दोन्ही मुळात आर्टिफॅक्ट, म्हणजे लहरींनी तयार केलेला भास. जे पुसायला मशीन शिकलंय, नेमकं तेच आपल्याला बघायचं असतं.

एका नाइटला साठीचे एक काका आले. प्रचंड दम, बीपी १९०/११०, छातीत घरघर, खिशात बिडीचं बंडल. बंडल बघून सीओपीडीचं (श्वासनलिकांचा जुनाट आजार) निदान झालंच होतं. जेआरने कॉन्व्हेक्स लावला आणि म्हणाला, "सर, बी लाइन्स नाहीत. सीओपीडीच. नेब्युलायझेशन लावलंय." मी पडद्याकडे पाहिलं. वरच्या कोपऱ्यात 'अ‍ॅबडॉमेन' लिहिलेलं आणि चित्र सायीसारखं गुळगुळीत. खाली काहीतरी पुसट पांढुरकं पसरलेलं होतं, पण त्याला लाइन म्हणायचा धीर कुणालाच झाला नसता. प्रोब तिथेच ठेवून प्रीसेट 'लंग' केला. कंपाउंड बंद, हार्मोनिक बंद. प्लुरापासून थेट पडद्याच्या तळापर्यंत जाणाऱ्या पाच-सहा पांढऱ्या रेघा उभ्या राहिल्या, श्वासाबरोबर हलणाऱ्या. एका फटीत तीन किंवा जास्त आणि दोन्ही बाजूंना तसंच. पल्मनरी इडीमा, म्हणजे फुप्फुसात पाणी. नायट्रोग्लिसरीन चालू झालं, मास्क व्हेंटिलेशन लागलं, पहाटे काका चहा मागत होते. जेआरने प्रोब बरोबर उचलला होता, जागाही बरोबर होती.

तुमच्या मशीनवर 'लंग' नसेल तर पोटाचा प्रीसेट घ्या, मेन्यूत जाऊन कंपाउंड आणि हार्मोनिक हाताने बंद करा, फोकस प्लुराच्या रेघेवर आणा, डेप्थ बी लाइन्ससाठी बारा ते सोळा ठेवा. सरकणं बघायचं असेल तर लिनिअर आणि डेप्थ चार-पाच.

हृदयाचा प्रीसेट उलट्या स्वभावाचा. हलती गोष्ट बघायची म्हणून तो फ्रेम भरभर घेतो, मिसळत नाही, काळं-पांढरं ठसठशीत दाखवतो. त्याच प्रीसेटने लिव्हर बघितली तर खरखरीत, आजारी वाटते. आणि पोटाच्या प्रीसेटने हृदय बघितलं तर व्हॉल्व्ह पाण्यातून चालल्यासारखे, मागे शेपूट सोडत हलतात. फ्रेम रेट अजून हवा असेल तर डेप्थ कमी करा आणि सेक्टरची रुंदी आवळा. मशीनला लहर जाऊन परत यायची वाट बघावी लागते, दर सेंटिमीटरला १३ मायक्रोसेकंद. नको असलेल्या खोलीसाठी तो वेळ कशाला द्यायचा?

शिरांच्या प्रीसेटमध्ये डॉपलरची स्केल बघा. धमनीसाठी ती उंच असते. त्या स्केलवर मांडीतल्या शिरेतला संथ प्रवाह दिसतच नाही आणि माणूस "फ्लो नाही, डीव्हीटी" (खोल शिरेत गुठळी) लिहून मोकळा होतो. स्केल खाली आणा. मुळात रंगावर विसंबूच नका: जांघेत आणि गुडघ्यामागे प्रोबने सरळ खाली दाबा, शीर पूर्ण मिटली तर तिथे गुठळी नाही. शेजारची धमनी चपटी व्हायला लागेपर्यंत दाबूनही शीर मिटत नसेल तर काळजीचं.

डोळ्याचा प्रीसेट नसेल तर डोळ्याला हात लावू नका. तिथे मेकॅनिकल इंडेक्स ०.२३ च्या आत ठेवायचा दंडक आहे, इतर अवयवांना तो १.९ पर्यंत चालतो. पडद्यावर हा आकडा 'एमआय' म्हणून लिहिलेला असतो. आणि बुब्बुळ फुटल्याची शंका असेल तर प्रीसेट असूनही नाही.

चौथी पायरी: मार्कर

हे मी माझ्या चुकीतून शिकलो. ज्युग्युलरमध्ये लाइन टाकत होतो, सुई थोडी डावीकडे न्यायची होती. नेली, तर पडद्यावर ती उजवीकडे गेली. मला वाटलं माझाच हात चुकला, म्हणून अजून डावीकडे नेली. ती कॅरॉटिडच्या (मानेतल्या मोठ्या धमनीच्या) अंगावर जायला लागली तेव्हा थांबलो. आधीच्या कुणीतरी आपल्या सोयीने चित्र उलटं करून तेच प्रीसेट म्हणून सेव्ह करून ठेवलं होतं. दोष त्याचा अर्धा. न तपासता सुई उचलली तो माझा.

तेव्हापासून सुई घेण्याआधी एक सवय आहे: जेल लावलेल्या प्रोबच्या माझ्या डाव्या टोकावर बोट टेकवायचं. पडद्यावर डावीकडे हललं तर पुढे. दोन सेकंदांचं काम.

पोटाच्या प्रीसेटमध्ये मार्कर पडद्याच्या डावीकडे असतो, हृदयाच्या बहुतेक प्रीसेटमध्ये उजवीकडे. अपघाताच्या पेशंटची 'फास्ट' तपासणी (पोटात, हृदयाभोवती रक्त साठलंय का ते बघणारी) सेक्टर प्रोबने, हृदयाच्या प्रीसेटवर केलीत तर डोकं आणि पाय यांची अदलाबदल होते. डायफ्राम नेहमी दिसतो तिथे दिसत नाही आणि घाईत छातीतलं पाणी पोटात लिहिलं जातं. गाळप हंगामात ऊसतोडीच्या ट्रॉल्यांचे अपघात कॅज्युअल्टीत येऊ लागले की मी हे दर आठवड्याला नव्याने सांगतो.

पाचवी पायरी: आता हात लावा

क्रम एवढाच: आधी डेप्थ, मग गेन, मग फोकस. हवी ती गोष्ट पडद्याच्या मध्यावर किंवा किंचित खाली येईल इतकी डेप्थ. पाणी आणि रक्त काळं दिसेल, करडं नाही, इतका गेन. वॉर्डात खिडकीचा उजेड पडद्यावर पडत असेल तर गेन वाढवायच्या आधी पडदा ओढा.

एक जागा मुद्दाम सांगतो. भरलेल्या ब्लॅडरच्या मागे लहर न थकता पोचते, म्हणून तिथलं सगळं नको इतकं पांढरं दिसतं. ओटीपोटातलं थोडंसं रक्त त्या पांढऱ्यात बुडून जातं. टीजीसीच्या (खोलीनुसार वेगवेगळा गेन ठरवणाऱ्या) खालच्या सरकपट्ट्या कमी करा, मग ते वेगळं दिसू लागतं. आणि कॅथेटर टाकून ब्लॅडर रिकामं करण्याआधी ही खिडकी बघून घ्या. नंतर ती मिळत नाही.

हे सगळं करूनही चित्र खराबच असेल तर प्रोबची तब्येत बघा. जेल पुसून, कोरडा प्रोब हवेत धरून पडदा बघितला तर वरच्या पट्ट्या टोकापासून टोकापर्यंत सारख्या दिसायला हव्यात. मध्ये उभी काळी फट असेल तर तिथले क्रिस्टल गेलेत. ही फट सावलीसारखी दिसते आणि पित्ताशयात नसलेला खडा दाखवते.

कायद्याचं

पीसीपीएनडीटी कायदा (गर्भलिंगनिदान रोखणारा) १९९४ चा, दुरुस्ती २००३ पासून लागू. "आपण तर फक्त छाती बघतो" हा बचाव चालत नाही, मशीन नोंदणीकृत असावंच लागतं. पोर्टेबल मशीन नोंदणी झालेल्या जागेतच, तिथल्या भरती पेशंटसाठी वापरायचं, किंवा इतर आरोग्यसेवा देणाऱ्या फिरत्या वैद्यकीय पथकात. मित्राचा फोन येतो, "पेशंट सिरियस आहे, मशीन गाडीत टाकून ये." नाही म्हणा. गरोदर बाईची तपासणी असेल तर फॉर्म एफ (या कायद्याखाली भरायची नोंद) आणि हॉस्पिटलच्या नोंदणीत तुमचं नाव आहे की नाही हे आधी विचारा. पहिल्या तिमाहीत गर्भाचे ठोके मोजायचे तर एम-मोड वापरा, पल्स डॉपलर नको, त्यात ताकद जास्त जाते. २०१७ साली म्हैसाळला स्त्रीभ्रूणहत्येचं जे प्रकरण उघडकीला आलं ते मिरजेपासून काही किलोमीटरवर होतं. इथे नोंदी तपासल्या जातात, आणि तपासल्या जायलाच हव्यात.

मशीन परत जागेवर

जेल मऊ कापडाने पुसा. प्रोबच्या तोंडाला सर्रास स्पिरिट लावू नका, रबर तडकतं. कंपनीने सांगितलेले वाइप्सच वापरा. सेंट्रल लाइनला निर्जंतुक कव्हर आणि निर्जंतुक जेलचं पाऊच. खाटेवरची सगळ्यांच्या वापरातली जेलची बाटली सुईच्या जवळपासही नको, त्यात जंतू वाढतात. वायर चाकाखाली येऊ देऊ नका, अर्ध्याहून जास्त प्रोब मी तिथेच मेलेले पाहिलेत.

स्वतःचा प्रीसेट सेव्ह करायचा असेल तर वेगळ्या नावाने करा, कंपनीच्या प्रीसेटवर कधीच नाही. निघताना कॉन्व्हेक्स आणि अ‍ॅबडॉमेन लावून ठेवा, पुढच्याला निदान कुठून सुरुवात आहे ते कळेल. आणि चार्जिंगची पिन नुसती खोचून जाऊ नका. आमच्या मशीनची सैल आहे, दिवा हिरवा होईपर्यंत तिथे उभं राहावं लागतं.